तिघांत एक कॅरम, एकटीला घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताईंचं घर बेळगावच्या शहापूरला, त्यांना एकच मुलगा, दुसरीत. थोरले दीर खानापूर तालुक्यात गावी. त्यांची थोरली मुलगी नववीत, मुलगा सहावीत आणि धाकटी पहिलीत. नणंद कोल्हापूरला, तिची एकुलती एक मुलगी चौथीत, नऊ वर्षांची. माहेरी भाऊ निपाणीला, त्याची जुळी मुलं एलकेजीत. बहीण पुण्यात, तिचं बाळ दीड वर्षाचं. गेल्या दिवाळीत ‘घरटी १,५०० रुपये’ असा नियम धरून नणंदेच्या मुलीला १,५०० चं घड्याळ दिलं आणि दिरांच्या तिघांत मिळून १,५०० चा कॅरम. भाऊबीजेला सगळे गावी जमले, पिशव्या उघडल्या आणि थोरल्या जाऊबाई एवढंच म्हणाल्या, “आमच्यांना वाटून घ्यायची सवयच आहे.” तेव्हापासून फोनवरचं बोलणं कामापुरतं उरलंय. आता विचारतात, हिशेब घरटी करायचा की मुलागणिक? आणि आम्ही तिघांना द्यायचं, आमच्या एकाला एकच यायचं, हे कुठवर?

आधी कॅरमचा निकाल लावू. भेट म्हणून कॅरम वाईट नव्हता. तीन भावंडांच्या घरात तो घड्याळापेक्षा जास्त वापरला जातो. चुकलं ते माप. घरटी हे माप मोठ्यांच्या देण्याघेण्याचं आहे: लग्नातला आहेर घरटी, फराळाचा डबा घरटी, कुंद्याचा पुडा घरटी. पोराच्या हातात पडतं ते मात्र पोर आपल्या हातानंच मोजतं. सहावीतल्या मुलाला ‘आपल्या घराला १,५०० मिळाले’ असं कधीच वाटत नाही. आतेबहिणीच्या मनगटावर घड्याळ आहे आणि आपलं मनगट रिकामं आहे, एवढंच त्याला दिसतं. म्हणून हातात द्यायची वस्तू मुलागणिक आणि स्वयंपाकघरात जाणारी वस्तू घरटी. एवढं पाळलं असतं तर जाऊबाईंना बोलायला जागाच राहिली नसती.

पण फक्त हे माप बदलून भागणार नाही. नात्यातल्या मुलांवरून होणारी भांडणं क्वचितच रकमेपायी होतात. तीन वेगळ्या जातीची देणी एकाच पिशवीत भरली की ती होतात. ती तीन म्हणजे मान, सणाची भेट आणि गरजेला केलेली मदत. मान नात्यानं ठरतो आणि तो सारखा नसतोच. सणाची भेट सारखी असावी लागते. मदत ज्याला गरज त्याला, तीही चारचौघांच्या नजरेआड. घड्याळाचं काय झालं? मामानं भाचीचं कौतुक करावं या हौशीनं ते घेतलं गेलं असणार, म्हणजे ते मानाच्या पिशवीतलं. दिलं मात्र दिवाळीत, सणाची भेट म्हणून, चुलत्याच्या नात्यानं दिलेल्या कॅरमशेजारी ठेवून.

मानाचं नीट समजून घ्यावं, कारण आपल्याकडे त्याचे नियम पक्के आहेत आणि म्हणूनच ते कुणाला बोचत नाहीत. बारशाला नाव ठेवते आत्या. कान टोचताना, जावळ काढताना मूल बसतं मामाच्या मांडीवर. बऱ्याच घरांत उष्टावणाचा पहिला घास मामाचा असतो आणि लग्नात नवरीच्या मागे उभा राहतो तोही मामाच. काकाला यातलं काही नाही. म्हणजे कोल्हापूरच्या मुलीचा तुमच्या यजमानांवर जो हक्क आहे तो गावच्या तिघांचा नाही. त्यांचा मामा वेगळा, तो त्यांचं करतो. तसंच निपाणीच्या जुळ्यांच्या तुम्ही आत्या, पुण्याच्या बाळाची मावशी. भाचीच्या कान टोचण्याला सोन्याची तार मामानं आणली म्हणून कुठली जाऊ कधी रुसत नाही. तेच सोनं दिवाळीला दिलं तर रुसते. वस्तू तीच, प्रसंग चुकला.

तेव्हा मानाचं देणं मानाच्याच दिवशी द्या, त्याच घरी जाऊन द्या आणि तिथंच संपवा. बहिणीचा मान भाऊबीजेच्या ओवाळणीत बहिणीच्या ताटात पडू दे. तो वाढवून भाचीच्या हातात देऊ नका. भाचीचं वेगळं कौतुक करायचं असेल तर तिच्या वाढदिवसाला कोल्हापूरला जा. दोन-अडीच तासांची वाट आहे.

पुण्याच्या बाळासाठी चांदीचं काही करायचं मनात असेल तर दोन गोष्टी सांभाळा. वाळे, बिंदल्या घेताना घुंगरू डाकानं पक्के बसवलेत का, ते नखानं ओढून बघा. बाळ पाय तोंडात घालतं. सुटलेला घुंगरू सरळ घशात जातो. पोकळ वाळे वजनाला स्वस्त पडतात, पण महिन्याभरात चेपतात आणि चेपलेल्या कडा पायाला लागतात. वजन कमी चालेल, घडण भरीव हवी. दुसरं, सोन्याची अंगठी किंवा बाळ्या घेणार असाल तर २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. लहान मुलांचे दागिने बहुतेक याच वजनात बसतात. त्यामुळे सराफाकडून वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेलं बिल घ्या आणि ते भेटीबरोबर आईच्या हातात द्या. पुढं मोड करायची वेळ आली की बिलाशिवाय घट जास्त धरली जाते आणि ‘मावशीनं दिलेलं सोनं हलकंच होतं’ हा ठपका फुकटात लागतो.

आता सणाची भेट. खरा हिशेब इथं आहे.

सात मुलं आहेत, आणि सगळ्यांना रुपयाला रुपया सारखं द्यायचं म्हटलं तर तेही जमत नाही. दीड वर्षाच्या बाळाला १,००० रुपयांचं खेळणं म्हणजे आईबापांना दिलेली शाबासकी. बाळ खोक्याशीच खेळतं. नववीतल्या मुलीला ५०० रुपयांत मनाजोगं काही मिळत नाही. म्हणून वाटे करा, आणि ते वयावर नको, इयत्तेवर. वयावरून वाद होतात (‘आमचीला अकरावं लागायला दोनच महिने’), इयत्तेला वाद नाही. आपल्याकडची विभागणी सोयीची आहे: बालवाडीपर्यंत एक वाटा, पहिली ते सातवी दोन वाटे, आठवीपासून पुढं तीन वाटे. सातवीनंतर हायस्कूल, हे गावातल्या आजीलाही कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

तुमचीच मुलं मांडून बघा. बाळ आणि जुळी मिळून तीन वाटे. सहावी, पहिली आणि कोल्हापूरची चौथी, प्रत्येकी दोन, म्हणजे सहा. नववीतली तीन. एकूण बारा वाटे. दिवाळीचे ६,००० बाजूला काढले असतील तर वाटा ५०० चा. लहानग्यांना ५००, मधल्यांना १,०००, थोरलीला १,५००. गावच्या घरात ३,५०० जातील, कोल्हापूरला १,०००, निपाणीला १,०००, पुण्याला ५००. बेरीज बरोबर ६,०००.

यात दोन ठिकाणी कुरकुर होईल, ती आत्ताच ओळखून ठेवा. एक कोल्हापूरची: ‘एकच मूल म्हणून आम्हाला कमी?’ त्या मुलीच्या हातात १,००० आले आणि तिच्याच गटातल्या मामेभावाच्या हातातही १,००० च आले. कमी कुणालाच मिळालं नाही. दुसरी कुरकुर घरातली. सासरकडं ४,५०० आणि माहेरकडं १,५०० हे आकडे शेजारी शेजारी दिसले की तुमच्याच मनात येईल, निदान माहेरचे फोनवर मोजतील. नियम इयत्तेचा आहे, बाजूचा नाही. दोन वर्षांत जुळी पहिलीत गेली की त्यांचे वाटे दुप्पट होतील, आणि आणखी काही वर्षांनी गावची थोरली बाहेर पडेल. दर जूनला एकदा वाटे मोजायचे, मधे नाही.

पैशाची ओढ असेल त्या वर्षी वाट्याची किंमत उतरवा, मुलं गाळू नका. ३०० चा वाटा धरला तर बारा वाट्यांचे ३,६०० होतात. लहानग्यांना ३००, मधल्यांना ६००, थोरलीला ९००. सगळे एकदम उतरले की कुणी उतरल्यासारखं दिसत नाही. एकाच घरचं कमी केलं तर मात्र ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

रक्कम ठरली म्हणजे काम झालं असं नाही, कारण बघणारे तुमची रक्कम बघत नाहीत. ते एमआरपी बघतात, खोक्याचा आकार बघतात आणि हल्ली मोबाइलवर दर शोधतात. गणपत गल्लीत घासाघीस करून किंवा खडेबाजारातल्या सेलमध्ये १,९९९ चा फ्रॉक ९०० ला पडला, तरी लेबलावर १,९९९ च असतात. त्याच्या शेजारी पुरे १,००० देऊन आणलेला खेळ ठेवला की खर्च केलेला असूनही तो निम्मा दिसतो. उपाय साधा: घरी आणल्यावर सगळ्या वस्तूंची दराची लेबलं काढा. सगळ्यांची. एकाचंच राहिलं तर तेवढंच मुद्दाम ठेवलंय असा अर्थ निघतो. मापाची चिठ्ठी मात्र ठेवा आणि बदलून मिळण्याची मुदत दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या, बिल तुमच्याकडं. दिवाळीच्या गर्दीत तोंडी ‘घ्या की बदलून’ म्हटलेलं तुळशीच्या लग्नापर्यंत कुणाला आठवत नाही.

कपडे घेताना वय सांगून माप घेऊ नका. नऊ वर्षांची मुलगी सात वर्षांएवढीही असते आणि अकरा वर्षांएवढीही. आईला तिच्या सध्याच्या फ्रॉकची खांद्यापासून खालपर्यंतची लांबी इंचात विचारा आणि एक माप मोठं घ्या. आखूड झालेला कपडा परत येतो, सैल झालेला पुढच्या वर्षी चालतो. आणि एक खोड मोडा: मुलाला खेळणं, मुलीला कपडा. मुलीच्या कानात ते ‘तुझी गरज भागवली’ असं पडतं, मुलाच्या ‘तुझी हौस केली’ असं. त्या घरातल्या भावाला क्रिकेटची बॅट दिलीत तर पहिलीतल्या धाकटीलाही खेळायचंच काहीतरी द्या.

खेळण्याच्या खोक्यावर आयएसआय खूण बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे, तरी जत्रेतली आणि पदपथावरची कितीतरी खेळणी तिच्याविना विकली जातात. तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे भाग नकोत. बटणासारखे चपटे सेल असलेलं, आवाज करणारं खेळणं घेतलं तर सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते बघा. तो सेल गिळला गेला तर काही तासांत आतून भाजतो. पुण्याच्या बाळासाठी कापडी किंवा एकसंध लाकडी खेळणं घेतलंत की हा प्रश्नच मिटतो.

सीमाभागात आणखी एक पेच आहे, जो सातारा-सांगलीकडच्या घरांना पडत नाही. एकाच आजीची नातवंडं, पण एकाची शाळा मराठी, दुसऱ्याची कन्नड, तिसऱ्याची इंग्रजी. पुस्तकं देताना ‘मराठी घरातली मुलं आहेत, मराठी पुस्तक द्यावं’ हा विचार चांगला, पण गोष्टींचं जाड पुस्तक ज्याला अडखळत वाचावं लागतं ते पोर चारचौघांत कानकोंडं होतं, आणि शेजारची भावंडं फडाफडा वाचून दाखवतात. शाळेचं माध्यम विचारू नका, ‘स्वतःहून कुठल्या लिपीत वाचतो?’ असं विचारा. मराठीचं द्यायचंच असेल तर वाचायला न लागणारं द्या: चित्रांचं, कोड्यांचं, किंवा पालकांनी वाचून दाखवायचं. शब्दांचे खेळ सगळ्यांत मिळून खेळायला देऊ नका. त्यात एक जण दर वेळी हरतो आणि तो का हरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शाळांच्या सुट्ट्याही जुळत नाहीत. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्यांना दिवाळीला. उन्हाळ्यात आपली बेळगावकडची मुलं साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुटतात आणि मेअखेर शाळेत परततात. कोल्हापूर-पुण्याची मे लागल्यावर सुटतात आणि जूनच्या मध्यापर्यंत मोकळी असतात. म्हणजे सगळी भावंडं निवांत एकत्र येतात ती मे महिन्यातच. दिवाळीत गावच्या मुलांना दोन-चार दिवसांचीच सुट्टी असते आणि त्यातच सगळं उघडायचं, दाखवायचं, रुसायचं. महागडी किंवा वापरायला शिकावी लागणारी वस्तू मेमध्ये द्या, दिवाळीला साधी. मेमध्ये एक मोठी वस्तू सगळ्यांत मिळूनही चालते. कॅरम तेव्हा दिला असता, आजीच्या घराला म्हणून, तर तो तिथं जमणाऱ्या सगळ्यांचा झाला असता.

द्यायची रीत लहान वाटते, पण तिथंच अर्धं बिघडतं. पिशव्या एकाच मापाच्या, एकाच कागदाच्या. प्रत्येकीवर नाव लिहिलेलं, घरचं लाडाचं नाव. चुकून अदलाबदल झाली की ती परत मागून घेण्याइतकं वाईट काही नसतं. मुलं एकत्र असतील तर ओवाळून झाल्यावर धाकट्यापासून सुरुवात करा आणि सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत कुणी उघडायचं नाही असं आधीच सांगा. नववीतल्या थोरलीला वाटायला लावलंत तर आणखी चांगलं. जी वाटते तिला कमी मिळाल्याची भावना कमी येते. तुमच्या स्वतःच्या मुलाची पिशवी त्याच रांगेत, त्याच्या वाट्याइतकीच ठेवा. त्याचं मोठं काय असेल ते घरी, आधी किंवा नंतर. आणि फोटो स्टेटसला टाकू नका. निपाणीच्या घरात गावची पिशवी दिसायचं काही कारण नाही.

निकालाच्या बक्षिसाबद्दल जपून. गावची मुलगी पुढच्या वर्षी दहावीला असेल. कर्नाटकची एसएसएलसी ६२५ गुणांची, प्रथम भाषा १२५ ची आणि बाकीचे पाच विषय शंभराचे. महाराष्ट्राच्या दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर, ५०० पैकी निघते. ‘तिला ५१० पडले आणि त्याला ४३०’ अशी तुलना आजी-आजोबा हमखास करतात. टक्केवारी काढली तर ५१० म्हणजे ८१.६ आणि ४३० म्हणजे ८६. शिवाय एकीचे सहाही विषय मोजलेत, दुसऱ्याचा सगळ्यांत कच्चा विषय गळलाय. अशा तराजूवर बक्षीस ठरवू नका. दहावी झाली की ठरलेली एक वस्तू, पास झालेल्या प्रत्येकाला, गुण कितीही असोत. ‘नव्वदच्या वर गेलीस तर मोबाइल’ असली बोली काका-मामांनी लावूच नये. मोबाइलचं आईबापांनी ठरवावं. त्याचा रिचार्ज आणि त्यावरची भांडणं त्यांच्याच घरात राहणार असतात.

गरजेची मदत यातून पूर्ण वेगळी ठेवा. शाळेचे बूट, चष्मा, वर्गाची फी, प्रवासाचा पास हे भेट म्हणून कागदात गुंडाळून देऊ नका. दिवाळीला बुटांचं खोकं उघडणाऱ्या पोराचा चेहरा बघवत नाही, आणि त्याच्या आईला वाटतं, आमची परिस्थिती सगळ्यांसमोर उघडी केली. शाळा उघडायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, दिराकडे किंवा जावेकडे सरळ पैसे द्या. एवढंच बोला: “शाळेचं बघा, हिशेब नको.” आणि हे पैसे वाट्यांत धरू नका. वर्षभर फीला मदत केली म्हणून दिवाळीचा वाटा कमी केला, तर पोराला फक्त वाटा कमी झालेला दिसतो.

रोख पाकिटाचं एक वैगुण्य आहे: ते मुलाच्या हातात मिनिटभर राहतं आणि आईच्या पर्समध्ये जातं. ‘ठेवून देते’ या शब्दांवरचा मुलांचा विश्वास तिसरीपर्यंत उडालेला असतो. रोखच द्यायची असेल तर शंभराची नवी नोट मुलाच्या हातात आणि उरलेले पालकांना, कशासाठी ते सांगून. सगळ्यांच्या नावे साठवायचं मनात असेल तर पोस्टाचं आवर्त ठेव खातं सोयीचं: महिना १०० रुपयांपासून, पाच वर्षांचं, मुलगा-मुलगी असा भेद नाही. सुकन्या समृद्धी खात्याचं व्याज चांगलं, पण ते सगळ्यांना सारखं लावता येत नाही. ते मुलीचंच, खातं उघडताना ती दहा वर्षांच्या आतली हवी, एका घरात साधारणपणे दोनच मुलींना मिळतं, आणि उघडायचं ते आईवडिलांनी किंवा कायदेशीर पालकानं. काका-मामाला नाही उघडता येत. त्यांना पैसे तेवढे देता येतात. वर्षाला किमान २५० भरावे लागतात आणि पैसे मुलगी मोठी होईपर्यंत अडकतात. तुमच्या यादीत गावची नववीतली त्यात बसत नाही, धाकटी बसते. कोल्हापूरची नऊ वर्षांची आहे, म्हणजे तिच्या आईवडिलांच्या हातात वर्षही पुरतं नाही. खातं उघडलं नसेल तर तेवढं नणंदेच्या कानावर घाला. कराची धास्ती नको: मामा, काका, आत्या, मावशीकडून भाच्या-पुतण्याला मिळालेल्या भेटीवर आयकर नाही. त्या पैशावर पुढं मिळणारं व्याज मात्र मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेपर्यंत सहसा आईवडिलांपैकी जास्त उत्पन्न असलेल्याच्या हिशेबात धरलं जातं.

राहिला परतीचा प्रश्न. तुम्ही तिघांना देता, तुमच्या एकाला एकच येतं. खरं आहे, आणि ते तसंच राहणार. मुलागणिक द्यायचं ठरवलं की ज्याची मुलं कमी त्याच्याकडून जास्त जातं; हा कुणाचा डाव नाही, मोजणीचाच परिणाम आहे. पण परतफेड मोजायचीच असेल तर पुरती मोजा. सुगी झाल्यावर गावाकडून येणारं तांदळाचं पोतं, मिरगाआधीचे आंबे-फणस, मुलगा सुट्टीत पंधरा दिवस गावी राहतो तेव्हाचं दूध-तूप, यातलं काही खेळण्यांच्या हिशेबात कुणी धरत नाही. घरच्या तांदळाच्या एका पोत्याची किंमत बाजारात विचारून बघा, मग तिघांच्या पिशव्यांचं ओझं वाटणार नाही.

एक वही मात्र ठेवा. कुठल्या मुलाला, कुठल्या प्रसंगी, काय, कितीचं, कुठल्या मापाचं दिलं, एवढंच त्यात. त्यानं एकाच मुलाला दोनदा रंगपेटी जात नाही आणि गेल्या वर्षीचा वाटा आठवावा लागत नाही. आपल्याला काय आलं ते त्यात लिहू नका. लग्नाच्या आहेराची यादी वेगळी, तो परत करायचाच असतो. मुलांच्या भेटीची यादी दोन्ही बाजूंनी लिहायला लागलात की पुढच्या दिवाळीत दुकानात उभं राहून तीच आठवते.

आता जाऊबाईंशी काय बोलायचं. घड्याळाचं समर्थन करू नका. ‘तो मामाचा मान होता’ हे आत्ता, उशिरानं, सबबच वाटेल. दसऱ्याला सोनं द्यायला जाल तेव्हा स्वयंपाकघरात, दोघीच असताना: “अक्का, गेल्या दिवाळीत तिघांत मिळून एक दिलं, ते माझं चुकलं. औंदापासून ज्याचं त्याला.” यजमानांना मधे घालू नका, भावाभावांत गेलं की त्यात वाटणीचं जुनं काहीतरी मिसळतं. भरपाई म्हणून तिघांना तीन घड्याळंही नकोत. मग नणंदेच्या घरी उलटा हिशेब सुरू होतो, आणि मुलांना कळतं की रुसलं की मिळतं.

मुलांना ‘बघू’ म्हणायची सवयही टाका. “मामा, सायकल कधी?” “बघू की.” मोठ्यांच्या भाषेत तो नकार, पोराच्या कानाला होकार, फक्त तारीख ठरायची राहिलेली. द्यायची असेल तर महिना सांगा, नसेल तर “सायकल बाबा घेणार, मी घंटी देतो” असं तिथंच सांगा. घंटी खरंच द्या.

कुठं थांबायचं हेही आत्ताच ठरवून टाका, कारण थोरलीपासून ते सुरू होईल आणि तिच्यावर जे लागू कराल तेच सगळ्यांना लागू पडेल. शिक्षण सुरू असेपर्यंत तीन वाटे, पहिला पगार झाला की बंद, हा नियम बहुतेक घरांत खपतो. वय धरलंत तर पीयूसीनंतर (बारावीनंतर) नोकरीला लागलेला आणि चार वर्षं इंजिनीअरिंग करणारा यांच्यात घोळ होतो. थांबवायच्या वर्षी आधी सांगा आणि त्या मुलाला वाटणाऱ्यांच्या बाजूला घ्या: पिशव्यांवर नावं त्यानं लिहायची.

शेवटची एक सोय. गावी जाताना दोन पिशव्या जादा भरा, नाव न लिहिता: रंगपेटी, चित्रवही आणि चिक्कीचं पाकीट, प्रत्येकी १००-१५० रुपयांत. ऐन वाटपाच्या वेळी शेजारचं एखादं पोर दारात उभं असतं, नाहीतर जावेच्या माहेरचा भाचा मुक्कामाला आलेला असतो.